टोंगा काय म्हणाला असता?

शेरलॉक होम्सच्या एकूण साठ कथा-कादंबऱ्या. त्यातली 'द साइन ऑफ फोर' ही दुसरी, १८९० साली प्रसिद्ध झालेली. तिच्यात टोंगा नावाचा एक अंदमानी माणूस आहे. तो एक खून करतो, छपरावरून पळून जातो, थेम्स नदीवरच्या पाठलागात होम्स आणि वॉटसन यांच्या गोळ्यांना बळी पडतो आणि नदीच्या गाळात नाहीसा होतो. सबंध कादंबरीत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याच्याबद्दल बोलतात ते सगळे दुसरे. होम्स गॅझेटिअरमधला मजकूर वाचून दाखवतो, वॉटसनच्या अंगावर काटा येतो, आणि त्याला जत्रांमधून नाचवून पोट भरणारा जोनाथन स्मॉल शेवटी त्याच्या इमानाचे कौतुक करतो.

गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत मी होम्सच्या जगातल्या बारा कथा लिहिल्या, महिन्याला एक. त्या छापण्यासाठी नव्हत्या. फॅन फिक्शन या प्रकारावर गेली काही वर्षे वाचते आहे, टिपणे काढते आहे. पण पोहण्यावरची पुस्तके काठावर बसून किती वाचणार? म्हणून वर्षभरासाठी काही अटी घालून घेतल्या. कथेचा निवेदक होम्स किंवा वॉटसन नसेल, दुसरा कुणी इंग्रज सद्गृहस्थही नसेल. मूळ कथेतली एकही घटना बदलायची नाही. आणि निवेदकाला असे काहीतरी ठाऊक असले पाहिजे, जे वॉटसनला ठाऊक नाही. या वर्षाने माझ्यापुढे जो प्रश्न ठेवला तो पुढे येईलच. आधी हा प्रकार काय आहे ते सांगते, कारण मराठी वाचकांपर्यंत त्याची ख्याती बहुधा 'शाळकरी मुलींचे चावट लेखन' एवढीच पोचली आहे.

फॅन फिक्शन म्हणजे चाहत्याने आपल्या आवडत्या कलाकृतीतली पात्रे घेऊन, पैशाची अपेक्षा न ठेवता, इतर चाहत्यांसाठी लिहिलेली कथा. आपल्याकडे याला रुळलेला शब्द नाही. 'चाहता-कथा' असा शब्द करता येईल, पण तो कानाला लागतो. मूळचाच वापरलेला बरा. मूळ लेखकाच्या अधिकृत मजकुराला या जगात 'कॅनन' म्हणतात. हा शब्द धर्मग्रंथांच्या अभ्यासातला. रोनाल्ड नॉक्स या ऑक्सफर्डच्या विद्वानाने १९११ साली बायबलच्या चिकित्सेची नक्कल करत होम्सकथांवर एक मिश्कील निबंध सादर केला, आणि होम्सभक्तांमध्ये ही धर्मग्रंथी भाषा रुजली. हा नॉक्स पुढे खरोखरच धर्मगुरू झाला. होम्सवर दुसऱ्यांनी लिहिण्याची सुरुवात तर त्याच्याही आधीची. 'पीटर पॅन'चा कर्ता जे. एम. बॅरी याने १८९०च्या दशकातच आपल्या मित्राच्या, म्हणजे कॉनन डॉयलच्या, होम्सची विडंबने लिहिली होती. पुढे एका नाटकवाल्याने होम्सचे लग्न लावू का म्हणून तारेने विचारले, तेव्हा डॉयलने उलट तारेने कळवले की लग्न लावा, ठार मारा, हवे ते करा. परवानगी इतक्या उदारपणे देणारा लेखक विरळाच.

न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली होम्सभक्तांचे 'बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स' हे मंडळ स्थापन झाले. या मंडळाच्या १९४१च्या वार्षिक भोजनात रेक्स स्टाउट या रहस्यकथाकाराने वॉटसन ही मुळात बाई होती असे डॉयलच्याच मजकुराचे दाखले देऊन सिद्ध करून दाखवले. सभेत म्हणे मोठा गदारोळ झाला. गंमत अशी की या मंडळात बायकांना प्रवेश नव्हता. १९६८ साली काही तरुणींनी भोजनाच्या ठिकाणी बाहेर थंडीत उभे राहून निदर्शने केली, तरी प्रवेश मिळायला १९९१ साल उजाडले. वॉटसनच्या देहात बाई चालत होती, शेजारच्या खुर्चीवर चालत नव्हती. पात्रांची विविधता आणि माणसांची विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचे इतके नेटके उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

आजच्या अर्थाने फॅन फिक्शनची परंपरा मात्र सुरू होते ती 'स्टार ट्रेक' या अमेरिकन दूरदर्शन मालिकेपासून. मालिका १९६६ साली सुरू झाली आणि १९६७ साली तिच्या चाहत्यांनी 'स्पॉकनेलिया' हे नियतकालिक काढले. टंकलिखित, यंत्रावर प्रती काढलेले, हातोहात आणि टपालाने जाणारे. त्याच दशकात आपल्याकडे लघुनियतकालिकांची चळवळ सायक्लोस्टाइलच्या शाईने हात काळे करत होती, हे आठवते. फरक एवढाच की आपल्याकडच्या त्या अंकांत बहुतेक पुरुष लिहीत होते, आणि 'स्टार ट्रेक'च्या या जगात लिहिणाऱ्या, संपादन करणाऱ्या, पाकिटांवर पत्ते लिहिणाऱ्या मुख्यतः स्त्रिया होत्या.

त्या मालिकेत उहुरा होती. अंतराळयानाच्या मुख्य कक्षात बसणारी कृष्णवर्णी अधिकारी. त्या काळच्या अमेरिकन पडद्यावर हे अपूर्वच. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स मालिका सोडण्याच्या विचारात असताना त्यांना मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि तुम्ही तिथून उठू नका असे त्यांनी सांगितले, ही आठवण निकल्स जन्मभर सांगत. पण या उहुराला त्या मालिकेत पहिले नावच नव्हते. कर्कला जेम्स हे नाव, मॅककॉयला लेनर्ड. उहुरा मात्र नुसती उहुरा. 'न्योटा' हे तिचे नाव, स्वाहिली भाषेत तारा, पुस्तकांतून आणि चाहत्यांच्या लेखनातून रुळत गेले आणि पडद्यावर अधिकृतपणे उच्चारले गेले ते २००९च्या चित्रपटात. मालिका सुरू झाल्यापासून ४३ वर्षांनी! फॅन फिक्शनच्या बाजूने बोलायचे तर मी हे उदाहरण आधी देते. मूळ कृतीने एका माणसाला खुर्ची दिली, नाव दिले नाही. नाव वाचणाऱ्यांनी सांभाळले.

विरुद्ध बाजूही याच मालिकेत सापडते. त्या नियतकालिकांत जे अफाट लेखन झाले त्याचा सर्वात मोठा ओघ उहुराकडे नव्हता, कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांकडे होता. त्यांच्या प्रेमाच्या कथांमध्ये दोन नावांच्या मधे जी तिरपी रेघ देत, तिच्यावरूनच पुढे 'स्लॅश' हे त्या प्रकाराचे नाव पडले. यात गैर काहीच नाही. प्रेमकथांना बंदी असलेल्या जागी त्या लिहिल्या गेल्या, तेही थोडे धाडस नव्हे. प्रश्न वेगळा आहे. इथे संपादकाचा दबाव नाही, प्रकाशकाचा हिशेब नाही, जाहिरातदार नाही, नट मिळत नाही ही सबब नाही. कागद आणि वेळ एवढाच खर्च. अशा पूर्ण मोकळ्या रानात कल्पनाशक्तीला सोडून दिले, तर ती कुठे जाते?

याचे उत्तर आता बरेचसे मोजता येते. अमेरिकेतल्या चाहत्यांनी २००७ साली एक ना-नफा संस्था उभी केली आणि २००९ साली 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे भांडार खुले केले. २०१९ साली विज्ञानकथेच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कार या भांडाराला मिळाला. एखाद्या ग्रंथालयालाच साहित्याचा पुरस्कार मिळावा तसे ते झाले. तिथे प्रत्येक कथेला खुणेच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात: कोणती कलाकृती, कोणती पात्रे, कोणते नाते. त्यामुळे वाचकांनाच मोजणी करता येते आणि काहींनी ती वर्षानुवर्षे केली. या मोजण्या सांगतात की सर्वाधिक लिहिल्या गेलेल्या जोड्यांच्या यादीत गोऱ्या पुरुषांच्या जोड्यांचा वाटा फार मोठा आहे. लिहिणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया असूनही स्त्रियांची पात्रे मागे आणि गोरी नसलेली पात्रे त्याहून मागे.

यावर ठरलेले उत्तर असे की चाहते काय करणार, मूळ कृतीतच गोऱ्या पुरुषांना मन दिलेले असते, त्यांच्यापाशी लिहिण्यासारखे जास्त असते. हा युक्तिवाद मलाही बराच काळ पटण्यासारखा वाटे, पण 'स्टार वॉर्स'च्या २०१५ सालच्या चित्रपटापाशी तो लंगडा पडतो. त्या चित्रपटात फिन हा कृष्णवर्णी नायक आहे. लहानपणी पळवून नेलेला, सैनिक म्हणून वाढवलेला, पहिल्याच लढाईत गोळी न झाडता पळून जाणारा. कथाकाराला आणखी काय हवे? पण त्यानंतर कथांचा पाऊस पडला तो खलनायक कायलो रेन आणि हक्स नावाचा सेनापती यांच्या जोडीवर. हक्स चित्रपटात आहे किती? थोडा वेळ येतो, ओरडतो, जातो. त्याला मूळ कृतीने मन दिलेलेच नव्हते; ते लिहिणाऱ्यांनी दिले, भरभरून दिले. म्हणजे मन नसणे ही अडचण नव्हती. कुणाच्या चेहऱ्यामागे मन असेल असे आपल्याला आपोआप वाटते आणि कुणाच्या नाही, हा तिथला खरा सवाल आहे. रुक्मिणी पांडे या भारतीय अभ्यासक स्त्रीचे 'स्क्वी फ्रॉम द मार्जिन्स' हे पुस्तक २०१८ साली आले. चाहत्यांची दुनिया स्वतःला जितकी पुरोगामी समजते तितकी वंशाच्या बाबतीत ती नाही, हे त्यात नेमके मांडले आहे. या विषयात शिरणाऱ्याने ते वगळू नये.

विविधता आणायची तर फॅन फिक्शनमध्ये प्रचलित वाट म्हणजे ओळखीच्या पात्राचा देह बदलणे. हर्मायनी कृष्णवर्णी असू शकते, अशी चित्रे आणि कथा चाहते करत होतेच. २०१६ साली लंडनच्या रंगभूमीवर नोमा दुमेझ्वेनी यांनी ती भूमिका केली. निवड जाहीर झाल्यावर अनेकांना राग आला, तेव्हा मूळ लेखिकेने सांगितले की हर्मायनीचे डोळे तपकिरी, केस राठ आणि बुद्धी तल्लख एवढेच आपण लिहिले होते. 'एलिमेंटरी' या अमेरिकन मालिकेत २०१२ साली वॉटसन झाली जोन, भूमिकेत लूसी ल्यू. स्टाउटची थट्टा एकाहत्तर वर्षांनी गंभीरपणे खरी झाली म्हणायची. या वाटेला कुणी सोपी म्हणते, पण तिचा एक मोठा उपयोग आहे: ती वाचकाचे डोळे तपासते. 'हंगर गेम्स'मधल्या रू या मुलीची त्वचा गडद तपकिरी आहे हे पुस्तकात स्पष्ट छापलेले आहे. तरी २०१२ साली चित्रपटात कृष्णवर्णी मुलगी दिसल्यावर पुस्तकाचेच अनेक चाहते चिडले. त्यांनी ते वाक्य वाचले होते, पाहिले नव्हते.

दुसरी वाट नवे पात्र घालण्याची, आणि ती बदनाम आहे. १९७३ साली पॉला स्मिथ यांनी एक छोटे विडंबन लिहिले. त्यातली मेरी स्यू ही साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट इतकी गुणवान की कर्कपासून स्पॉकपर्यंत सगळे तिच्यापुढे दिपून जातात, आणि ती अखेर सुंदर मरण मरते. विडंबन झकासच होते. पण पुढे त्या नावाची काठी झाली आणि कुठल्याही मुलीने स्वतःसारखी मुलगी कथेत घातली की तिच्या पाठीत ती बसू लागली. ज्याला कॅननमध्ये आपल्यासारखे कुणीच सापडत नाही, त्याने आत शिरायचे तरी कोणत्या दाराने? जेम्स बाँडला मेरी स्यू कुणी म्हणत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे झाले.

मी वर्षभर चालले ती तिसरी वाट: जे पात्र कथेत आधीच आहे, पण कडेला उभे आहे, त्याच्या डोळ्यांनी तीच कथा पाहणे. याचा उत्तम नमुना जामयांग नोर्बू यांच्या 'द मंडला ऑफ शेरलॉक होम्स' या १९९९च्या कादंबरीत आहे. मृत्यूची हूल देऊन नाहीसा झालेला होम्स परतल्यावर सांगतो की मधली दोन वर्षे आपण तिबेटात भटकलो, ल्हासाला जाऊन आलो. डॉयलने तिबेटला दिलेली जागा ती एवढीच, ओळ-दोन ओळींची. नोर्बू हे निर्वासित तिबेटी लेखक. त्यांनी त्या ओळींत आपला सगळा देश बसवला. आणि निवेदक कोण, तर किपलिंगच्या 'किम'मधला हरिचंदर मुखर्जी, ज्याच्या बाबू इंग्रजीला किपलिंगचे वाचक हसत आले तो बंगाली हेर. दोन इंग्रज लेखकांनी कडेला ठेवलेल्या गोष्टी एकमेकींना टेकवून उभ्या केल्या आहेत. चाहतेपण आणि भांडण एकाच पानावर कसे नांदते ते पाहायचे असेल तर हे पुस्तक पाहावे.

माझ्या बारा कथांतल्या काही सहज झाल्या. हडसनबाईंची, बिली या हरकाम्या पोराची. पॉंडिचेरी लॉजमधल्या लाल राव या बटलरची लिहिताना तर मजा आली. 'साइन ऑफ फोर'मध्ये तो चोराला आतून सामील असतो, एवढेच त्याचे काम. नावावरून त्याचा मुलूख ठरत नाही, म्हणून मी त्याला सातारकडचा केला आणि 'लाल' हे साहेबाच्या जिभेने तासलेले नाव ठरवले. वॉटसनला ठाऊक नसलेले त्याला पुष्कळ ठाऊक आहे. आग्र्याच्या खजिन्यावर या कादंबरीतला प्रत्येक गोरा माणूस हक्क सांगतो; तो मुळात एका राजाचा, आणि व्यापाऱ्याच्या वेषात तो घेऊन निघालेल्या अहमद नावाच्या माणसाचा त्यापायी खून झालेला. शेवटी स्मॉल तो थेम्समध्ये फेकतो आणि वॉटसनला आनंद होतो, कारण मेरी मॉर्स्टनला मागणी घालायला आता पैशाचा अडसर उरलेला नसतो. अहमदच्या घरच्यांचे काय, हे कुणाच्या मनातही येत नाही. लाल रावच्या येते. कारण मनीऑर्डरची वाट पाहणारे घर म्हणजे काय, हे त्या बंगल्यात त्यालाच कळते.

'द यलो फेस' या १८९३च्या कथेतल्या लूसीने जास्त वेळ घेतला. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातला कृष्णवर्णी वकील आणि एक गोरी स्त्री यांची ही मुलगी. बाप वारलेला. आईने इंग्लंडमध्ये दुसरे लग्न केले आहे आणि नव्या नवऱ्यापासून मुलीला लपवण्यासाठी तिला मुखवटा घालून शेजारच्या घरात ठेवले आहे. होम्सचा तर्क इथे साफ चुकतो. मुखवटा निघतो, आणि नवरा मुलीला उचलून तिचा मुका घेतो. त्या काळात ही कथा लिहिणाऱ्या डॉयलचे कौतुकच केले पाहिजे, आणि 'थ्री गेबल्स' या १९२६च्या कथेत होम्सच्या तोंडी एका कृष्णवर्णी मुष्टियोद्ध्याची अत्यंत हिणकस चेष्टा घालणारा लेखकही हाच, हेही लक्षात ठेवले पाहिजे. माणूस वयाबरोबर उदारच होत जातो असे नाही. असो. लूसीच्या तोंडीही वाक्य नाही. मुखवट्याच्या आत उन्हाळ्यात घाम येतो का, खिडकीशी उभी असताना बाहेरच्यांना काय दिसत असेल असे तिला वाटते, हे विचारायला वॉटसनला सवड नव्हती. माझी लूसी वीस वर्षांची आहे आणि ती सावत्र बापाच्या चांगुलपणाची गोष्ट पाहुण्यांना सांगितली जाताना ऐकते आहे. शंभराव्यांदा.

आणि मग टोंगा. त्याच्यावर तीन महिने गेले.

डॉयलने गॅझेटिअरच्या नावावर जे लिहिले आहे ते जवळजवळ सगळे खोटे आहे. अंदमानी लोक नरभक्षक नव्हते. विषारी काटे फुंकून मारण्याची नळी टोंगाच्या हाती दिली आहे. तेही त्यांचे शस्त्र नव्हे, त्यांचे धनुष्यबाण. १८५७च्या उठावानंतर १८५८ साली इंग्रजांनी पोर्ट ब्लेअरला कैद्यांची वसाहत उभारली. त्याच वर्षी मोअट नावाच्या डॉक्टरच्या मोहिमेने एक अंदमानी माणूस पकडून कलकत्त्याला आणला. खलाशांनी त्याचे नाव जॅक ठेवले. त्याला कपडे चढवले, त्याची छायाचित्रे काढली, बघ्यांची गर्दी झाली. तो आजारी पडला तेव्हा परत नेऊन किनाऱ्यावर सोडला. त्याचे खरे नाव कागदावर नाही. १८५९ साली अंदमानींनी वसाहतीवर हल्ला केला तो त्यांच्यातच वर्षभर राहिलेल्या दूधनाथ तिवारी या पळालेल्या कैद्याने आधी वर्दी दिल्यामुळे फसला. पुढे सरकारने त्यांच्यासाठी 'अंदमान होम' काढले, तिथून रोगराई पसरली, १८७७ साली गोवराची साथ आली. ग्रेट अंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमातींची लोकसंख्या हजारांत होती. १९०१च्या जनगणनेत ती ६२५ भरली आणि १९६१ साली १९. त्यांच्या दहा भाषांपैकी 'बो' ही भाषा बोलणाऱ्या शेवटच्या स्त्रीचे, बोआ सीनियर यांचे, २०१० साली निधन झाले.

आपल्या मराठी मनातही या माणसांना फारशी जागा नाही. अंदमान म्हटले की आपल्याला काळे पाणी आठवते, सेल्युलर जेल आठवते, सावरकर आणि कोलू आठवतो. ते आठवावेच. पण ज्यांचे ते बेट होते ती माणसे आपल्या त्या चित्रात कुठे तरी झाडीआड असतात, जवळजवळ डॉयलच्या पुस्तकात असतात तशीच.

तर या टोंगाला बोलते कसे करायचे? त्याच्या तोंडी स्वच्छ पुस्तकी मराठी घातली तर ते सोंग होईल. तोडकीमोडकी भाषा घातली तर पहिल्या अपमानावर दुसरा. त्याची भाषा मला येत नाही, आणि ती बोलणारे आता कुणी जवळपास उरलेले नाही. 'मी टोंगा' म्हणून लिहिण्याचा मान मला कुणी दिलेला नाही, हा मुद्दाही होताच. लाल रावच्या बाबतीत जी सलगी चालते ती इथे चालत नाही. म्हणून ही एकच कथा मी 'मी' शिवाय लिहिली. त्यात टोंगा बोलत नाही. तो जे पाहतो, हुंगतो, हातात धरतो तेवढेच येते. स्मॉल त्याला इंग्लंडच्या जत्रांमध्ये उभा करून लोकांसमोर कच्चे मांस खायला लावत असे, हे डॉयलचेच आहे. मी त्याच्याशेजारी एक खरी गोष्ट ठेवली. अंदमानी लोकांना विस्तव पाडता येत नव्हता, म्हणून ते तो जपत. निखारे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सांभाळून नेत, आणि मांस भाजून, शिजवून खात. जन्मभर विस्तव राखलेला माणूस पेनीपेनी मोजणाऱ्या गर्दीपुढे कच्चे मांस चावतो आहे, आणि तंबूच्या बाहेर कुणीतरी चेस्टनट भाजते आहे. माझ्या कथेत याहून जास्त काही घडत नाही.

आमच्या गावातल्या वाचनकट्ट्यावर मी ही कथा वाचली, तेव्हा एका निवृत्त शिक्षकांनी हरकत घेतली. "ताई, सगळे ठीक आहे हो. पण खून तेवढा काढा. एवढे सोसलेल्या माणसाच्या हातून खून कशाला?" मी काढला नाही. बार्थोलोम्यू शोल्टोला मारून आल्यावर टोंगाला आपण मोठी कामगिरी केली असे वाटत होते, हे मूळ कादंबरीत आहे, आणि माझ्या मते तेच त्याचे एकमेव स्वतःचे कृत्य आहे. विविधतेच्या नावाने लिहिल्या जाणाऱ्या कित्येक कथांमध्ये कडेचे पात्र पुढे येते ते थेट देव्हाऱ्यात बसते. सोशिक, शहाणे, क्षमाशील. त्याला मत्सर होत नाही, ते खोटे बोलत नाही, आळस करत नाही. होम्सला मात्र कोकेन, घमेंड, विक्षिप्तपणा सगळे माफ. ज्याला वाईट वागायची मुभा नाही त्याला मन दिले असे मी मानत नाही. शिक्षकांना हे पटले नाही. पुढच्या बैठकीला ते 'साइन ऑफ फोर'चा अनुवाद घेऊन आले आणि आम्ही तासभर भांडलो. तो तास माझ्या वर्षातला फार चांगला तास होता.

हा सगळा खटाटोप परका वाटण्याचे कारण नाही. 'स्पॉकनेलिया' निघाले त्याच १९६७ साली आपल्याकडे 'मृत्युंजय' आले आणि 'युगान्त'ही आले. 'मृत्युंजय' मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, कृष्ण बोलतात, तशीच वृषाली बोलते आणि शोण बोलतो. सारथ्याच्या घरातला धाकटा भाऊ, त्याला सावंतांनी स्वतंत्र निवेदन दिले. याला फॅन फिक्शन म्हटल्यास काही मंडळी रागावतील. महाकाव्य कुणा एकाच्या मालकीचे नसते, हा फरक मलाही मान्य आहे. पण हाताची हालचाल तीच. आणि तिथेही काठ पुढे सरकतो: सूतपुत्र आत आला की त्याच्याही पलीकडे कुणी उभे असतेच. लाक्षागृहात पांडवांच्या ऐवजी जळालेली निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे यांना महाभारतात नावे नाहीत. महाश्वेता देवींनी बंगालीत त्यावर 'कुंती ओ निषादी' ही कथा लिहिली. त्यात म्हाताऱ्या कुंतीला अरण्यात कर्णाबद्दलचा सल बोलून दाखवावासा वाटतो, आणि समोर उभी असलेली निषादी तिला विचारते ते वेगळ्याच पापाबद्दल. कुंतीला ते आठवतही नसते. महाश्वेता देवींनी मूळ घटनेतला एक शब्द बदललेला नाही. माझी दुसरी अट मी तिथूनच उचलली.

बारा वह्या भरल्या. तेराव्या कथेची टिपणे सुरू आहेत. ज्या चार सह्यांवरून कादंबरीला नाव मिळाले त्यातली एकच गोऱ्याची, जोनाथन स्मॉलची. बाकीचे तिघे महोमेट सिंग, अब्दुल्ला खान आणि दोस्त अकबर. पहिले नाव शिखाचे म्हणावे तर विचित्रच. डॉयलने ऐकीव नावे एकत्र बांधली असावीत असेच ते वाचताना वाटते. स्मॉल टोंगाच्या होडीतून निसटला तेव्हा हे तिघे अंदमानातच राहिले. लंडनमध्ये सापडलेल्या चिठ्ठ्यांवर स्मॉल इमानाने चौघांच्या वतीने खूण करतो, पण तिघांपर्यंत ती बातमी पोचायची काही सोय नाही. खजिना नदीत गेला हेही त्यांना कळणार नाही. त्यांच्यातला दोस्त अकबर मी निवडला आहे, कारण त्याच्याबद्दल डॉयलने फारसे लिहिलेले नाही. तो नारळाच्या काथ्याचे दोर वळतो आहे आणि वाट्याचा हिशेब अजून चौघांत करतो आहे.